कमानीला लावलेले खांब

“शिट्टी काढा गळ्यातली. ठेवा इथं.”

भाऊंनी बोट आपटून जागा दाखवली. मुख्याध्यापकांच्या टेबलावर, पेनांचा डबा आणि चहाची बशी यांच्या मधे.

भाऊ म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची, मुख्य रस्त्यावरचे गाळे त्यांचे, आणि दरवर्षी वडिलांच्या नावानं शाळेच्या मैदानावर भरतो तो क्रिकेटचा चषकही त्यांचाच. मुख्याध्यापक शेजारी बसले होते, स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखे. समितीतले आणखी दोघं सोफ्यावर. सगळ्यांपुढं चहा. मी उभी.

हदगाव तालुक्यातल्या एका बाजारगावात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला मी खेळाची शिक्षिका आहे. पन्नाशी जवळ आली. अर्धं आयुष्य ही शिट्टी गळ्यात घालून उन्हात गेलं.

“बाई, पोरींना पळायला शिकवायचा पगार हाय तुम्हाला. बोलायला शिकवायचा न्हाई,” भाऊ म्हणाले. मग सोफ्याकडं वळले. “ह्यांच्या लोकायला बोलायची लई हौस. पिढ्यानपिढ्या तोंड बंद होतं ना, आता उघडलं तर मिटंना.”

सोफा हसला. मुख्याध्यापकही ओठातल्या ओठात हसले, आणि मग चहाकडं बघत बसले.

ह्यांचे लोक म्हणजे आम्ही. बौद्धवाड्यातून शिकून आलेले.

मी शिट्टी काढली. दोरी केसांच्या क्लिपमधे अडकली. ओढली. टेबलावर ठेवली. तो आवाज एवढासा होता. अजून ऐकू येतो.

भाऊंचा राग कशाचा होता ते सांगते. गुन्हा छोटा आहे, सांगायला वेळ लागणार नाही.

आमच्या मुलींचा खो-खोचा संघ नांदेडला जिल्ह्यात पहिला आला. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. आता लातूरला विभागीय स्पर्धा. पोरी हवेत होत्या. बसमधे गाणी म्हणत आल्या. गावात उतरलो तर स्वागताला कुणी नव्हतं, पण त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला मैदानावर गेलो, आणि थांबलो.

खांब नव्हते.

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते. खो-खोच्या मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब रोवलेले असतात. पळणारी पोरगी भर वेगात येते, एका हातानं खांब धरते आणि गर्रकन वळते. त्या वळणावर डाव जिंकतात आणि हरतात. आमचे खांब सागवानी होते. हाताला काही टोचू नये म्हणून पोरींनी स्वतः पॉलिशपेपरनं घासलेले, तेल पाजलेले.

त्यांच्या जागी दोन खड्डे होते. बाजूला जेसीबीच्या चाकांची नक्षी. पलीकडं क्रिकेटच्या खेळपट्टीवर रोलर फिरवणं चाललं होतं. आणि शाळेच्या फाटकावर चषकाची स्वागत कमान उभी राहिली होती. तिला डावीकडून एक आणि उजवीकडून एक आमचे खांब. त्यांना मोठाले खिळे मारून बॅनर ठोकलेलं. बॅनरवर भाऊ, भाऊंचे वडील, भाऊंचे भाऊ, आणि खालच्या ओळीत छोट्या-छोट्या डोक्यांची रांग.

मी मुख्याध्यापकांकडं गेले.

“मॅडम, चषक होईपर्यंत ॲडजस्ट करा,” ते म्हणाले. “उगं कामून वाढवायलात?”

“लातूरची स्पर्धा चषकाच्या आधी आहे, सर.”

“मग पळायची प्रॅक्टिस घ्या ना. पळायला खांब कशाला लागतो?”

पोरींनी उपाय काढला. दोन पोरी खांबाच्या जागी उभ्या राहायच्या, हात अंगाला चिकटवून. बाकीच्या त्यांना धरून वळायच्या. खांब व्हायच्या पाळ्या लागल्या. “आज मी खांब न्हाई होणार गं, काल हिनं माझा खांदाच उपटला,” असं भांडण रोज. हसायच्याही. मला हसू येत नव्हतं. खांद्याला धरून वळणं आणि खांबाला धरून वळणं यात फरक आहे. माणूस हलतं. पोरी पडत होत्या. कोपरं सोलवटत होती.

मला माझी शाळा आठवायची. देगलूरकडची. शर्यतीच्या दिवशी फक्कीची घमेली आमच्या वाड्यातल्या पोरींच्या हातात द्यायचे. रेघा आम्ही मारायच्या. पळायची वेळ आली की गुरुजी म्हणायचे, “तुम्ही बसा गं एका कडंला. हात पांढरे झालेत तुमचे.” आम्ही बसायचो. आमच्या रेघांमधून दुसऱ्या पोरी पळायच्या. मी खेळाची शिक्षिका झाले ती या रागातून. कुणाला आवड म्हणून सांगितलं असेल, पण खरं कारण हे.

तर संघाची कर्णधार मुस्कान. दहावीत. वडील शिंपी, मुख्य रस्त्यावर भाऊंच्याच गाळ्यात त्यांचं दुकान. संघातल्या सगळ्यांच्या ट्रॅकपँट त्यांनी शिवलेल्या, शिलाई न घेता. मुस्कान कमी बोलते. मैदानावर फक्त ‘खो’ म्हणते, तेही असं की पुढची पोरगी दचकूनच उठते.

आमच्याकडं रोज सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, आणि मग बातम्या. एक विद्यार्थी पेपरातल्या बातम्या वाचून दाखवतो. कुणी ऐकत नाही. मागं पोरं एकमेकांच्या चपला सरकवत असतात. त्या दिवशी पाळी मुस्कानची होती.

तिनं देशाची बातमी वाचली. राज्याची वाचली. मग पेपर घडी घालून काखेत धरला आणि सरळ समोर बघत म्हणाली:

“स्थानिक बातमी. आपल्या शाळेच्या मैदानावरचे खो-खोचे दोन्ही खांब जेसीबीनं उपटण्यात आले आहेत. ते खांब सध्या क्रिकेट चषकाच्या कमानीला लावलेले असून त्यांना खिळे मारण्यात आले आहेत. जिल्ह्यात पहिला आलेला मुलींचा संघ खांबांशिवाय सराव करत आहे. खांबांच्या जागी मुली उभ्या राहतात. बातम्या संपल्या.”

चपला थांबल्या. सगळं मैदान फाटकाकडं वळून बघायला लागलं. कमान तिथंच होती. दोन आठवड्यांपासून सगळे तिच्याखालून ये-जा करत होते. कुणालाच काही दिसलं नव्हतं, असं नाही. म्हटलं नव्हतं, एवढंच.

मुख्याध्यापक पुढं आले. “ही बातमी कोणत्या पेपरात आली?”

“कोणत्याच न्हाई सर. म्हणून वाचली.”

कबड्डीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “खो!” आणि सगळी शाळा हसली.

कुणीतरी मोबाइलवर काढलं होतं. दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर फिरलं. संध्याकाळी मला कार्यालयात बोलावणं आलं, आणि शिट्टी टेबलावर गेली.

भाऊंची अट सोपी होती. उद्या परिपाठात पोरगी माफी मागेल. खोटी बातमी वाचली म्हणेल. माफी मी लिहून द्यायची, “तुम्हाला भाषा येते चांगली.” नाही तर लातूरच्या प्रवेश अर्जावर मुख्याध्यापकांची सही होणार नाही. “आन् शिट्टी इथंच ऱ्हाईल. माफी झाली की घेऊन जा.”

बाहेर आले. गळा रिकामा वाटत होता. सारखा हात तिकडं जात होता, खाज सुटल्यासारखा.

तशीच शिंप्याच्या दुकानात गेले. ते मशीनवर बसले होते. मला बघून उठले. मुस्कान आतल्या बाजूला काज करत होती. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. गाळ्याचा मालक निरोप द्यायला उशीर करत नाही.

“मॅडम, बच्ची झूट नै बोली,” ते म्हणाले. “लेकिन दुकान उनकेच गाळे में है ना. खाली कर बोलेंगे तो मैं मशीन लेके किधर जाऊँ? तुम्हीच सांगा.”

मी मुस्कानकडं बघितलं. मनात होतं ते बोलले, घाईघाईत. लातूर महत्त्वाचं आहे, एक वाक्य म्हण आणि मोकळी हो, बारा जणींचा प्रश्न आहे. मैदानावर मी रोज असंच सांगते, संघाचा विचार करा.

तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

“मॅडम, कोणतं वाक्य खोटं होतं तेवढं सांगा. तेवढ्याची माफी मागते.”

मी मनातल्या मनात बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघितली. खांब उपटले, खरं. कमानीला लावले, खरं. खिळे मारले, खरं. पोरी खांब होऊन उभ्या राहतात, खरं. एकही सापडेना.

“कोणतंच नाही,” मी म्हणाले.

“मग?”

तिच्या वडिलांनी मान खाली घातली. मग मशीनवर जाऊन बसले आणि पायडल मारायला लागले. शिवता शिवताच म्हणाले, “जाने दो. दुकान का मैं देख लूँगा.”

माझं काही लिहायचं उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला भाऊ स्वतः हजर. ओट्यावर खुर्ची टाकून. पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं. प्रतिज्ञा म्हटली. उद्देशिका म्हटली, रोजच्यासारखी, एका सुरात, “विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य.” रोज म्हणतात. भाऊ उभे राहून ऐकत होते, हात पाठीमागं बांधून.

मुख्याध्यापकांनी मुस्कानला पुढं बोलावलं. ती निघाली. तिच्या आधी मी पोचले. माईक हातात घेतला.

“खो-खोचे खांब मी रोवले होते. त्यामुळं त्यांचं मला माहीत आहे. काल वाचलेली बातमी खरी आहे. कुणी माफी मागणार नाही.”

एवढंच. मुख्याध्यापकांनी घाईनं माईकचं बटन बंद केलं. पण मैदानावर आयुष्य गेलेल्या बाईला माईक लागत नाही. मी तेच पुन्हा म्हणाले, पहिल्यापासून, शेवटच्या रांगेतल्या पाचवीच्या पोरांना ऐकू जाईल असं.

भाऊ पुढं झाले. “बाई, लई महागात पडंल.”

“हाव,” मी म्हणाले. “पडू द्या.”

महागात पडलंच. सही झाली नाही. मी नांदेडला क्रीडा कार्यालयात गेले, तिथं सांगितलं, मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय संघ घेता येत नाही. मुख्याध्यापकांनी मधला रस्ता काढला. मुस्कानला वगळा, बाकीच्या पोरी पाठवतो. मी पोरींना ओट्यावर बसवून तसंच्या तसं सांगितलं, त्यांनी ठरवावं म्हणून. मग त्यांच्यातली सगळ्यात लहान, नववीतली, म्हणाली, “मॅडम, एका खांबावर खेळतेत का?”

कुणी लातूरला गेलं नाही. आमच्याशी ज्यांचा पहिला सामना होता त्यांना न खेळताच पुढची फेरी मिळाली. मुस्कानचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. तिला लातूर पुन्हा मिळणार नाही. कुणी मला सांगू नये की जिंकण्यापेक्षा मोठं काहीतरी मिळालं. पोरींना जिंकायचं होतं. त्या जिंकल्याही असत्या. ते त्यांच्याकडून घेतलं गेलं, आणि घेणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे.

शिंप्याला गाळा सोडायला लावला. बाजारच्या दिवशी ते आता झाडाखाली मशीन मांडतात. माझी बदली किनवटकडं करायचं चाललंय असं ऐकते. करोत. तिकडंही मैदान असेलच. आणि परिपाठातून बातम्या काढून टाकल्या. आता दोन सुविचार वाचतात.

चषक झाला. खांब शाळेच्या मागं, मुतारीच्या भिंतीला टाकून दिलेले सापडले. पोरी आणि मी बसून खिळे उपटले. पक्कड घसरायची, पोरी शिव्या द्यायच्या, मी ऐकलं नाही असं करायची. भोकं राहिली. तिथं हात लागतो, म्हणून त्यावर कापड गुंडाळलं, शिंप्यानंच दिलेलं. खांब पुन्हा जुन्या खड्ड्यांत रोवले. पोरी रोज पळतात. धापा टाकत ओट्यावर बसल्या की एक जण उभी राहते आणि आजची बातमी सांगते. कुणाच्या घराचं नळाचं पाणी बंद केलं, कुणाच्या बहिणीचं लग्न लावून टाकलं, कोणत्या वर्गात मास्तरच आले नाहीत. बाकीच्या विचारतात, खरं काय? ती म्हणते, खरं.

शिट्टी अजून टेबलाच्या खणात आहे. मुख्याध्यापक दोनदा म्हणाले, “मॅडम, भाऊंना भेटा, एक शब्द बोला, न्या शिट्टी.” मी गेले नाही. तोंडानं बोलवते पोरींना. येतात.

आता सव्वीस जानेवारी आलाय. झेंडावंदनाला कमांड द्यायचं काम दरवर्षी माझं. परिपाठाचा तो दिवस सोडला तर या शाळेत सगळ्यांसमोर मी आजवर मोठ्यानं बोलले ते तेवढंच, सावधान आणि विश्राम. यंदाही मुख्याध्यापकांनी मलाच सांगितलंय. दुसऱ्या कुणाचा आवाज पोचत नाही. वर म्हणाले, “फक्त कमांड हं मॅडम. बाकी काही नको.”

कमांड देईन. सावधान म्हणेन. पोरं ताठ उभी राहतील, मास्तर उभे राहतील, पाहुण्यांच्या रांगेत भाऊही उभे राहतील. झेंडा वर जाईल, राष्ट्रगीत होईल. मग विश्राम म्हणायच्या आधी मी एक पाऊल पुढं येईन आणि बातम्या वाचीन. माईकशिवाय. पहिली बातमी तयार आहे.

आपल्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ लातूरला गेला नाही. का गेला नाही, ते ऐका.