भाऊबीजेचा रोल

भाऊबीजेला ओवाळून झालं की माझा धाकटा भाऊ ताटात काय टाकतो याकडं माझं बारीक लक्ष असायचं. त्या वर्षी साडी येणार अशी मी खात्री धरून बसले होते, आणि त्यानं टाकली काय, तर बोटभर उंचीची डबी. फिल्मचा रोल, तोही काळा-पांढरा. कुणीतरी इतक्या वर्षांनी नवी फिल्म बाजारात आणली म्हणे, यानं मोबाईलवर बघितली आणि मागवली. माझं डोकंच फिरलं. "मुडद्या, साडी कुठाय?" म्हणाले मी, हातात निरांजन धरून. तो खदाखदा हसला. सणावाराला असं बोलू नये, म्हणून आई माझ्यावर चिडली. आमच्याकडं ही लाडाची शिवी, उठता-बसता तोंडात येणारी. आता ती माझ्या तोंडातून पार गेली आहे.

तसं त्याचं चुकलं नव्हतं. आमच्या बाबांचा पूर्णेत फोटो स्टुडिओ होता आणि मागं राहतं घर. घरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी डार्करूम केली होती. मी लहानपणी त्यांच्याजवळ अंधारात उभी राहून फिल्म धुवायला शिकले. भावाला मात्र ती खोली कधी मानवली नाही. अगदी पोरसवदा असताना त्यानं आत जाऊन कडी घातली आणि मग ती त्याला निघेना. आतून त्याचं किंचाळणं, बाहेरून आईचं. बाबांनी दार मोडून त्याला बाहेर काढलं, आणि त्या दाराला पुन्हा कडी बसवलीच नाही. तेव्हापासून तो अंधाराला जो भ्यायला तो कायमचा. पुढं स्टुडिओ बंद पडला, बाबा गेले, खोली याच्या वाट्याला आली, पण रात्रभर छोटा दिवा लावल्याशिवाय हा गडी झोपला नाही. मोबाईलचं दुकान चालवणारा, लग्नाला आलेला माणूस! मी त्याला यावरून लय चिडवायची.

कडी नाही म्हटल्यावर बाबांनी एक खूण काढली होती. आत काम चालू असलं की उंबऱ्याबाहेर एक चप्पल उलटी करून ठेवायची. उलटी असेल तर दाराला हात लावायचा नाही, सुलटी झाली की खुशाल या. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, असं म्हणत आईनं नवी नवरी असताना नाक मुरडलं होतं. बाबा म्हणाले, म्हणून तर ती सगळ्यांना आधी दिसते. पुढं आई इतकी सरावली की दाराकडं जायच्या आधी तिची नजर खाली उंबऱ्याकडं जायची.

तर त्या भाऊबीजेला, चिडून झाल्यावर, मी बाबांचा कॅमेरा पेटीतून काढला. भावाला अंगणातल्या बाजेवर बसवलं. मोबाईलसमोर सदा तोंड वेडंवाकडं करायची सवय त्याला. मी दटावलं, की ही फिल्म आहे, वाया घालवायची नाही, गप बस आणि माझ्याकडं बघ. आणि तो खरंच गप बसला. कॅमेऱ्यातून मला माझा भाऊ असा दिसला, जसा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. डोळे बाबांचे आणि हनुवटी आईची. मी पुन्हा पुन्हा काढत राहिले. ऊन कलल्यावर त्यानं कॅमेरा हिसकावून घेतला आणि उरलेली फिल्म आईवर उडवली. आई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. ऊन याच्या पाठीवर, त्यामुळं याची लांबच लांब सावली, कोपरं बाहेर काढलेली, थेट आईच्या पायापर्यंत गेली. मी म्हणाले, शहाण्या, फोटोत तुझी सावली पडायलीय, बाबा असते तर कान पिळला असता. पडू दे म्हणाला.

संक्रांतीला मी सासरहून, सोनपेठहून येणार, तेव्हा दोघं मिळून फिल्म धुवायची असं ठरलं. त्यानं औषधंही मागवून ठेवली होती.

संक्रांत आलीच नाही. परभणीहून मोटारसायकलवर येताना अंधारात उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं ना लाल दिवा, ना कसली खूण. बस्स, एवढंच झालं. एवढ्यात माणूस संपतो.

तेरवीसाठी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. चुलत्यांनी त्याच्या फेसबुकवरचा एक मोठा करून आणला, गॉगल, झुपकेदार केस, ओठ मुडपलेले. आईनं तो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला, आणि पालथा घालून ठेवला.

"हा माझ्याकडं बघत न्हाई," ती म्हणाली. "हा सोताकडंच बघायलाय."

आम्ही त्याचे सगळे फोटो धुंडाळले. खरंच होतं तिचं, एकातही तो दुसऱ्या कुणाकडं बघत नव्हता. तेव्हा मला रोल आठवला. मी आईला म्हणाले, थांब, माझ्याजवळ हाय, त्यात तो समोर बघतोय, मी आणते त्याला. असंच म्हणाले मी, आणते त्याला. तिनं माझा हात जो धरला तो सोडेना.

डार्करूमच्या पत्र्याला आता भोकं पडलेली, दिवस मावळल्याशिवाय आत जाता येईना. आणि दिवेलागणीला आई रोज त्या खोलीत दिवा ठेवायची. त्याला अंधाराचं भ्याव, म्हणायची. मी तिला नीट सांगितलं, आज चप्पल उलटी ठेवते, सुलटी झाली की दिवा घेऊन ये. ती बरं म्हणाली आणि दिव्याला वात घालून, काडेपेटी मांडीवर घेऊन बसली.

मी दार लावलं. त्याच्या उशीला अजून त्याच्या तेलाचा वास होता. मी खाटेवर बसले, फिल्मची डबी उघडली आणि बोटांनी चाचपत फिल्म धुवायच्या डब्यातल्या चकरीवर चढवायला लागले. हात विसरले नव्हते. घाई कर गं बाई, घाई कर, असं मनाशी म्हणत होते. निम्मी फिल्म चढली होती, निम्मी रिळावर होती, आणि दार उघडलं.

आई होती. वातीला हाताचा आडोसा धरलेला, मागं बाहेरच्या ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. मी फिल्म पोटाशी धरली, अंगावर पदर ओढला, तोंडाला येईल ते ओरडले. शेजारची माणसं धावत आली इतकी ओरडले. आई जागच्या जागी थिजली. पण हातातला दिवा तिनं पडू दिला नाही.

"चप्पल सुलटी व्हती गं," ती म्हणाली. "मी बघून आले."

सुलटीच होती. जिंतूरहून आलेल्या आमच्या आत्यानं केली होती. बाबांची चुलत बहीण, लग्नाला नि मयताला तेवढी येणारी, तिला आमच्या घरातली खूण कुठून माहीत असणार? तिनंच दुसऱ्या दिवशी जेवताना समाधानानं सांगितलं, की दारात उलटी चप्पल पडली होती, सुतकाच्या घरात असलं बरं न्हाई, म्हणून मी नीट करून ठेवली. मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. माझा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला हे खोटं वाटेल.

फिल्म मात्र मी आदल्या दिवशी, दार उघडलं त्याच संध्याकाळी, धुतली होती. आशा वेडी असते. पाणी, डेव्हलपर, हायपो, एकेक औषध बाबांनी शिकवलं तसं. उजेड खाल्लेली फिल्म काळी पडते. डबा उघडून पट्टी वर ओढली तर वीतभर, दोन वीत, नुसतं काजळ. बाजेवर बसलेला माझा भाऊ, माझ्याकडं बघणारा, त्या काजळात कुठंतरी होता. मी बल्बसमोर धरून डोळे फोडून बघितलं. नाही सापडला.

आई मागं उभी होती. हाय का, एवढंच तिनं विचारलं.

रिळाला घट्ट गुंडाळलेलं शेवटचं टोक तेवढं वाचलं होतं. त्यानं काढलेलं टोक. त्यात एकच चित्र स्वच्छ निघालं. ओट्यावर आई, हातात सूप, मान वर करून काहीतरी बोलतेय. आणि तिच्या पायाशी तो. निगेटिव्हवर सावली उजेडाची दिसते. कोपरं बाहेर काढलेला, डोक्यापासून कमरेपर्यंत पांढरा शुभ्र. मी तिथंच खाली बसून रडले. तोवर मी रडलेच नव्हते.

परभणीला जाऊन तो फोटो मोठा करून आणला. कागदावर सावली परत काळी झाली. आईनं आधी सावलीवर बोट ठेवलं, डोकं, खांदे, कोपरं, सगळ्यावरून फिरवलं. मग कॅमेरा कुठं असेल ते मला विचारलं. हितं, दोन कोपरांच्या मधी, मी दाखवलं. म्हणजे डोळे हितं, ती म्हणाली. मी हो म्हणाले.

तेरवीला तिनं हाच फोटो भिंतीवर लावायला सांगितला. चुलते एकमेकांकडं बघायला लागले. मी झेंडूचा हार उचलला तशी आत्या मधी आली. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नसतात, वैनी, फोटोत तुम्ही हायत, असलं अभद्र करू नका, म्हणाली. खरं सांगते, माझाही हात अडला. आत्या काही वावगं बोलत नव्हती, सगळ्या बायांनी माना डोलावल्या.

आई भिंतीकडं बघत होती. आवाज न चढवता बोलली.

"त्यो माझ्याकडं बघायलता तवाची बाई हाय ही. ती गेली त्याच्यासंगं. घाल गं हार."

मी स्टुलावर चढले आणि माझ्या जित्या आईच्या फोटोला हार घातला.