मामांना ऐकू येणारं विमान

लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की अख्खा पारनेर तालुका कान झाकतो. उघडे कान वर करून बसणारा माणूस एकच, आणि ते माझे सख्खे मामा.

नगरकडे लष्कराच्या सरावाची जागा आहे. सराव सुरू झाला की विमानं आमच्या वस्तीवरून इतकी खालून जातात, की मामींच्या म्हणण्याप्रमाणे चुलीवर काय शिजतंय ते पायलटला वासावरून कळत असणार. म्हशी पान्हा चोरतात, कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढतात, मांडणीवरची ताटं थरथरतात. आणि मामा? मामा बाजेवर उभे राहून दोन्ही हात वर करतात आणि खच्चून ओरडतात, "जयभीम, साहेब!" एकदा एका विमानानं पंख कलता केला. ते वळत होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मामांच्या मते तो उलटा जयभीम होता, आणि तेव्हापासून त्यांचा नि त्या पायलटचा घरोबा आहे. "परवा दिसला न्हाई गडी. रजेवर गेला आसंल," असं ते शेजारच्या चुलत्याची खबर द्यावी तसं सांगतात.

या प्रेमाचं कारण सरळ आहे. मामांना दुसरं काहीच ऐकू येत नाही. सुप्याच्या एमआयडीसीत त्यांनी उभं आयुष्य प्रेसवर काढलं. लोखंडावर घण आदळायचा आणि बाजूला मामा. कानात घालायला कंपनी बोळे द्यायची, पण "नवी कोरी वस्तू कानात घालून मळवायची व्हय?" म्हणत मामांनी ते सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवले. कान गेले, बोळे राहिले. आता घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी, मग चहा आणि मग डब्यातून बोळ्यांची एक जोडी, असा मान मिळतो. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मंडळी आली, तेव्हा मामांनी सुपारीच्या ताटात बोळे मांडले होते. नवरदेवाच्या आत्यानं एक चावूनसुद्धा पाहिला. तरी सोयरीक जमली, म्हणजे बघा आमचं नशीब!

बाकीच्या जगाशी त्यांचा संसार माझ्या शाळेतल्या जुन्या पाटीवर चालतो. मामी भांडतातही पाटीवर. आणि भांडण अगदी रंगात आलं की मामा शांतपणे ओलं फडकं घेऊन पाटी पुसून टाकतात. मामी पेन्सिल आपटतात. पण विमानाच्या बाबतीत आम्ही सगळे बहिरे आणि एकटे मामा कानाचे. आभाळ रिकामं, आम्ही गप्पांत दंग, आणि मामा एकदम बोट वर करायचे, "आलं!" आम्ही माना वळवेपर्यंत ताटं वाजायला लागायची. "आदी छातीत वाजतं, मंग कानात," असं त्यांचं शास्त्र.

गेल्या वर्षी मात्र गाव वैतागलं. तान्ही पोरं दचकून उठतात, पोल्ट्रीवाल्याचं नुकसान होतं. विमानं दुसरीकडे न्या, असं कलेक्टरला कळवायचं ठरलं. ग्रामसभेत ठराव वाचला जात होता. मी मामांच्या शेजारी बसून तो पाटीवर लिहीत होते. 'विमानं बंद करा' एवढं लिहिलं आणि मामा ताडकन उठले.

"मला नातवाचं रडनं ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "पाखरू न्हाई, पाऊस न्हाई. म्हातारी काय बोलती त्ये बी न्हाई, त्याचं काय लई दुख न्हाई म्हना." सभा खो खो हसली. मामांना तेही ऐकू आलं नाही. ते आपले बोलतच राहिले. "ह्ये येवढं एकच येतं बगा कानात. त्ये बी काढून नेता व्हय?"

हसणं जागच्या जागी थांबलं. सरपंचबाईंनी चष्मा काढून पुसला. मग मागून मामीच उठल्या. "वस्तीवरनं नको, तर आमच्या माळावरनं जाऊ द्या. म्हाताऱ्याला मी नेऊन बसवीन." तसाच ठराव झाला. पुढे विमानं खरंच माळाकडे सरकली. त्या कागदानं की लष्कराच्या मर्जीनं, देव जाणे. गावात मात्र मामांनी पायलटला सांगून काम केलं, असंच बोलतात.

आता मी शिकवते त्या शाळेतले सराव परीक्षांचे पेपर तपासून झाले की मी माळावर जाते. मामा, मामी, छत्री, पाटी आणि बोळ्यांचा डबा, अशी बैठक असते. मध्यंतरी मामा म्हणाले, "हल्ली इमानं लई हळू आवाजात जात्यात. नवा पायलट भित्रा दिसतोय." मामींनी माझ्याकडे पाहिलं. नुकतंच एक विमान गेलं होतं आणि माझी दातखीळ बसायची बाकी होती. मामींनी पाटी उचलली, पेन्सिल धरली आणि काहीच न लिहिता खाली ठेवली.

परवा मी गेले तेव्हा मामांनी रिवाजाप्रमाणे मला बोळे दिले. मी ते मुठीतच ठेवले. डोंगराच्या अंगानं काळा ठिपका वाढत आला. मामा पाठमोरे, डबा मांडीवर घेऊन दुसरीकडेच बघत होते. बोट वर गेलं नाही. जमीन हादरायला लागली तशी मी त्यांचा हात धरला आणि डब्याच्या झाकणावर दाबला. पत्रा थरथरत होता.

मामा दचकले. मग हळूहळू त्यांचा चेहरा फुलला.

"आलं का गं?" त्यांनी मला विचारलं. माझ्याआधी ज्यांना कळायचं, त्या मामांनी.

मी मान हलवली. एक हात झाकणावर तसाच ठेवून त्यांनी दुसरा वर केला आणि ओरडले, "जयभीम, साहेब!"

विमान तोवर डोंगरापलीकडे गेलं होतं. मी आणि मामींनी मिळून जयभीम घातला.