तुडमाच्या तोंडावरचं जाळं

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा भादवा सरत आला होता आणि आमच्या घरात माशांशिवाय दुसरा विषय नव्हता. पोटुशी लेक आली आहे, तिला काय हवं-नको विचारावं, ते राहिलं बाजूला. काका मला गाडीतून उतरवून घ्यायला आला आणि हात पुढे करण्याआधीच म्हणाला, "पोरी, कतला पाह्यला का तू कधी? चाल, दाखवतो." बैलगाडीच्या हिसक्यांनी माझी कंबर मोडली होती. मी म्हटलं, "आंदी मले पानी दे, मंग दाखव तुया कतला."

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. माझ्याहून थोडाच मोठा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची. आम्ही ढिवर. मासे धरणं आणि तलावाचं पाणी सोडणं-बांधणं, ही दोन्ही कामं आमच्या घराकडे पिढीजात. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, काळी तलाव त्याचा, मासेही त्याचे, पाण्यातली बुडी तेवढी आमची. मग मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. ढिवरांची सोसायटी निघाली आणि मासे पाळायला तो तलाव सोसायटीला मिळाला. चांदा जिल्ह्यात तेव्हा बऱ्याच गावांत असं चाललं होतं. आपल्या तलावातले मासे आपले, हे ऐकून आमच्या आळीतल्या माणसांच्या चालण्यात फरक पडला होता. काकाच्या तर फारच.

त्या वर्षी पहिल्यांदा बाहेरून बी आणलं होतं. कतला, रोहू, मिरगल यांचं, मोहरीएवढं, डोळ्याला धड दिसणारही नाही असं. ते कलकत्त्याकडून रेल्वेनं मातीच्या हंड्यांत यायचं. वाटेत हंड्यांतलं पाणी सारखं हातानं हलवत राहावं लागे, नाहीतर बी गुदमरे. काका ते आणायला चांद्याला गेला होता आणि छोट्या रुळांच्या रेल्वेतून पाणी हलवत हलवत घरी आला होता. त्याचे हात इतके भरून आले होते की काकीनं त्याला घास भरवला, असं आई हसून सांगायची. मी आले तोवर ते बी तळव्याएवढं झालं होतं. काकी रोज सकाळी तलावाच्या पायऱ्यांवर बसून धानाचा कोंडा टाकायची. पाणी उकळल्यासारखं व्हायचं आणि त्यात तोंडंच तोंडं. मला ते पाहून आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पण तलावाला तुडूम होता. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातून शेताकडे पाणी नेणारी दगडी मोरी. तलावाच्या आतल्या बाजूनं तिला एकाखाली एक अशी भोकं असतात आणि प्रत्येक भोकात बुचासारखा लाकडी डाट ठोकलेला असतो, त्याला उपटायला आखूड दोरी. शेताला पाणी हवं झालं की ढिवरानं बुडी मारायची, चाचपडत डाट गाठायचा आणि उपटायचा. आधी वरचा, पाणी उतरलं की त्याखालचा. डाट निघाला की पाणी अशी ओढ घेतं की तिथे हात रेंगाळता कामा नये. पाळीवर उभं राहिलं तर पायाखालून त्याचा घुर्र आवाज येतो. गावातली माणसं म्हणत, तुडूम जेवून राह्यला. हे बोलणं मला लहानपणापासून कधी आवडलं नाही.

आधी हे काम बाबांचं होतं. पुढे त्यांचा कान फुटला, खोल गेलं की रक्त यायचं, म्हणून बुडी काकाकडे आली. कमरेला दोर बांधून काका खाली जायचा आणि दोराचं दुसरं टोक धरून बाबा पाळीवर बसायचे.

जुन्या दिवसांत तुडमातून पाण्याबरोबर मासे शेतात जायचे. मरळ, झिंगे, काय काय. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, साचलेल्या पाण्यात ते ज्याच्या हाताला लागतील त्याचे. गावच्या बाया टोपल्या घेऊन उतरायच्या, कोणी कोणाला हटकत नसे. पण आता बी विकतचं येणार होतं. मत्स्यखात्याचा साहेब येऊन सांगून गेला की सांडव्यावर बांबूची ताटी लावा, मासे पळू देऊ नका. ताटी लावली. तेवढ्यावर थांबायचं ना! काकाला वाटलं, सांडवा बांधला आणि तुडूम मोकळा ठेवला तर समोरचं दार लावून मागचं उघडं टाकल्यासारखं झालं. वरच्या भोकांना पाणी सोडताना ताटी लावता यायची, खालचं पडलं खोलात. म्हणून बी येण्याआधीच, उन्हाळ्यात तलाव आटला होता तेव्हा, त्यानं तुडमाच्या सगळ्यात खालच्या भोकावर जाळं बसवलं होतं. दुहेरी सुताचं, चारही कोपऱ्यांना मोठाले दगड बांधलेलं, कडा चिखलात दाबलेलं. हे कोणी सांगितलं नव्हतं. ही अक्कल आमच्या घरची.

बाबांना ते पटलं नव्हतं. जेवताना एकदा ते म्हणाले, "मासा जाते तिथं जाळं ठीक हाये. जिथं मानूस जाते तिथं काऊन लावलं तू?"

"जाळं माया हातचं हाये दादा," काका म्हणाला. "मले कसं धरन थे?"

काकी चुलीपाशी बसली होती. तिनं मान खाली घालून भाकर उलटली. मला त्या वेळी काकाचाच राग आला. एवढा शहाणा माणूस आणि बोलतो कसं! तसं मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "तू गप खा. तुया पोटातलं आयकून राह्यलं, भित्रं होईल."

गावात कुरबुर सुरू झालीच होती. बांध्यांमध्ये मासे येईनासे झाले. विहिरीवर एक बाई मला ऐकू जाईल अशी बोलली, "पान्याचं तोंड बांधलं या लोकायनं. पानी काई गप नाई बसत." मी तिला तिथल्या तिथे सुनावलं, की बाई, फुकटचे मासे गेले म्हणून पाण्याच्या नावानं शाप देऊ नको. पण घागर घेऊन परतताना तेच वाक्य माझ्या पायात अडकत होतं.

दसऱ्याच्या आधी एक गोष्ट झाली. तलावावर वास सुटला. काकानं बुडी मारून पाहिलं आणि जाळ्यात अडकलेलं एक पाणमांजर वर आणलं. मेलेलं, फुगलेलं. त्याच्या पुढच्या पायाभोवती सुताचे इतके वेढे बसले होते की ते कापून काढावे लागले. पाळीवर माणसं जमली. पाण्यात जन्मलेलं, पाण्यात वाढलेलं जनावर, त्याच्याइतकं पोहणारं आमच्यात कोण होतं? काका मात्र खूश. "आपले मासे खायाले आलता चोर," म्हणाला, आणि फाटलेली जागा शिवून जाळं परत जागेवर बसवून आला. बाबा घरी येऊन न जेवता निजले. मी आईला म्हटलं, "हे विकतचं दुखनं हाये." आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. गरोदर बाईनं अभद्र बोलू नये म्हणे. बोललं नाही म्हणजे जाळं सुटणार होतं थोडंच!

त्या वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान निसवायच्या बेतात आणि बांध्यांना भेगा. तुडमाची वरची भोकं एकेक करून उघडली गेली, पाणी उतरत गेलं, आणि कार्तिकात फक्त खालचं भोक पाण्यात राहिलं. जाळं होतं तेच. तलावात उरलेलं पाणी माशांना लागणार होतं आणि धानालाही. शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. चढ्या आवाजात कोणी बोलत नव्हतं. नुसते बसायचे, तंबाखू मळायचे आणि तलावाकडे बघायचे. त्या बघण्याची मला भीती वाटायची. शेवटी ठरलं की एक दिवस पाणी सोडायचं, बांध्या ओल्या झाल्या की बंद करायचं. निम्मं धानाला, निम्मं माशांना. कोणाचंच नुकसान नको, असा सगळ्यांना गोड वाटणारा निकाल.

आदल्या संध्याकाळी बाबा काकाला म्हणाले, "जाळं आंदी काढून टाक. मंग डाट उपट."

काका म्हणाला, "जाळं काढलं तर मासे सप्पा बांधीत जातीन. मी कडेनं हात घालून डाट काढतो ना. जाळं जागच्या जागी राह्यते."

"लेका, ओढ केवढी अस्ते मालूम हाये ना तुले?"

"मालूम हाये दादा. मीच जातो ना दरसाल."

बाबा दोर तपासायला बसले. त्यांनी नको म्हणून निक्षून सांगायला हवं होतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पण फुटक्या कानामुळे ज्यानं आपलं काम धाकट्याच्या अंगावर टाकलं, तो त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

सकाळी मीही गेले. आई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. पाळीवर नारळ फोडला. खाली शेतांत माणसं फावडी घेऊन पाटाच्या कडेनं उभी होती, बायाही होत्या. काकी घरी होती, कोंडा चाळत. काकानं दोर कमरेला बांधला, माझ्याकडे बघून हसला आणि पाण्यात शिरला. पाणी त्या दिवशी हिरवं होतं आणि अजिबात हलत नव्हतं.

एकदा वर आला. म्हणाला, "जाळ्याले शेवाळ बसलं हाये. हात जाते पन." आणि परत गेला.

मग पायाखालून तो घुर्र आवाज आला. डाट निघाला होता. बाबांनी दोर ओढला. दोर ताणला गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी परत ओढला. आमच्या आळीतली दोन माणसं शेजारी उभी होती, त्यांनीही हात लावला. दोर दगडाला बांधल्यासारखा. तेवढ्यात खालून, शेतांतून, आरोळी उठली. "आलं! आलं रे पानी!" पाटात पाणी पोचलं होतं आणि तिथली माणसं आनंदानं ओरडत होती. त्यांना काय ठाऊक? त्यांचा राग मी कधी धरला नाही. पण ती आरोळी अजून माझ्या कानात आहे, आणि कोणाच्या शेतात पाणी आल्याचा आनंद मला आजही ऐकवत नाही.

माणसं विळे घेऊन पाण्यात उड्या टाकत गेली. काकाचा उजवा हात जाळ्यासकट भोकात खांद्यापर्यंत ओढला गेला होता. जाळं कापलं, हात सोडवला, त्याला वर आणलं. पाळीवर पालथा घातला, पाठ दाबली, पाय धरून उलटा केला. बाबा त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकत होते. काहीच झालं नाही. त्याच्या बोटांत डाटाची दोरी तशीच होती.

काकीला कोणीतरी बोलावून आणलं. तिच्या हाताला कोंडा लागलेला होता. ती त्याच्याजवळ बसली, त्याच्या हातावर रुतलेली सुतं एकेक करून सोडवू लागली. रडली नाही. आम्ही बाया रडत होतो, ती नाही. पायाखाली तुडूम घुरघुरतच होता. जाळं तर आता नव्हतंच. खालून पुन्हा ओरडा आला, या वेळी बायांचा. मासे, मासे! कतला, रोहू, सगळे मोरीतून पाटात पडत होते आणि टोपल्या भरत होत्या.

पाणी बंद करायला कोणीतरी खाली जायला हवं होतं. पाळीवर ढिवरांची कितीतरी पोहणारी माणसं उभी होती. एकही पुढे होईना, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ तेव्हाही वळली नाही.

आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नाही. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. लग्न होऊन आल्यापासून काकीनं माझ्या बाबांना कधी तोंड दाखवलं नव्हतं, की एक शब्द ऐकवला नव्हता. तिचा आवाज कसा आहे हे बाबांना भिंतीपलीकडून तेवढं माहीत.

ती उठली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही. सगळ्या गावासमोर ती बाबांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "भाऊ, त्याचे मासे चालले. बंद करा थे."

बाबांनी सदरा काढला. आई "कान, कान" म्हणून ओरडली, तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. नवा डाट चिंधी गुंडाळून त्यांनी काखेत धरला आणि ते पाण्यात उतरले. आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. मी पोटावर दोन्ही हात धरून उभी होते आणि देवाला शिव्या देत होते.

पायाखालचा घुरघुराट थांबला.

बाबा वर आले तेव्हा त्यांच्या कानातून मानेवर रक्त उतरत होतं. ते काकीसमोर येऊन उभे राहिले, खाली न बघता, आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. "झालं, बाई. बंद केलं."

मग ती रडली.