एका आबांचे अकरा संसार

माणसाला आधीच समजलेली गोष्ट समजावून सांगून पार न समजणारी करण्यात माझ्या साडूंचा हात अख्ख्या खानदेशात कुणी धरणार नाही. मी बरा शिकलेला माणूस, पण त्यांच्याकडून उठताना मला स्वतःचा पत्ता आठवावा लागतो. त्यांची हयात दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे एखादं यंत्र चालू केलं की फोनवर ‘सुरू’ म्हणायचं आणि थांबवलं की ‘बंद’. निवृत्त होऊन पिंप्राळ्यात घर बांधलं, तरी खोड काही जाईना. कप तोंडाला लावताना ‘चहा सुरू’, खाली ठेवताना ‘चहा बंद’. पुढच्या फाटकावर चिठ्ठी, ‘घर सुरू’. मागच्या दारावर चिठ्ठी, ‘घर बंद’. ही दुसरी वाचून मागून येणारी भाजीवाली दोनदा परत गेली, तेव्हा मेहुणीने कपाळाला हात लावला.

अशा माणसाला म्हातारपणी एक्सएमएल नावाच्या फाईली सापडल्या. त्यात म्हणे प्रत्येक माहितीच्या आधी ‘सुरू’ची आणि नंतर ‘बंद’ची खूण लिहावीच लागते. झालं! जन्माचं सोयरं भेटल्यासारखे साडू हरखले.

त्यातच धुळ्याच्या अक्कांचं निघालं. अक्का म्हणजे साडूंच्या थोरल्या काकू, नव्वदी ओलांडलेल्या, पोटी मूल नसलेल्या. साडूंसकट अकरा चुलत भावंडं त्यांनी अंगाखांद्यावर वाढवली आणि ती सगळी पुढे भाऊबंदकीत अशी फुटली, की लग्नाला एक मांडवात दिसला तर दुसरा बाहेरूनच परत. आता अक्कांची नजर चालली होती. दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या साडूंना म्हणाल्या, “माले बठ्ठासले एक जागे देखानं शे.” सगळ्यांना एका जागी बघायचंय! अहो, ते देवाच्या बापाला जमलं नसतं. साडू म्हणाले, “कॉम्प्युटरात बसवतो.”

अक्कांचं नाव काढल्यावर कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. प्रत्येक घराने आपापली माणसं, फोटोंसकट, एकेका फाईलीत भरून पाठवली. अकरा फाईलींचं एकच पान करायचं होतं. साडूंनी त्या एकाखाली एक चिकटवल्या, तर पडद्यावर नुसती चूक दाखवणारी ओळ आली.

“अकरा कर्ते झाले ना, साडूभाऊ!” ते मला समजावू लागले. “फाईलीत वर एकच कर्ता लागतो, बाकीचे त्याच्या पोटात.”

“मग तो कोण?”

“कुणीच नाही. नुसती खूण.”

“म्हणजे कर्ता आहे, पण माणूस नाही?”

“हां, समजलं तुम्हाला!”

कप्पाळ समजलं! पण त्यांनी वर अक्कांच्याच ‘बठ्ठा’ची सुरू खूण लिहिली, तळाला बंदची, आणि पान खरंच उघडलं. उघडलं ते बघून मेहुणी पदर तोंडाला लावून आत पळाली. पानावर अकरा घरांचे मिळून एकच आबा होते. त्यांना अकरा बायका, मुलं-नातवंडं मिळून चौतीस, आणि जन्म एकाच वेळी धरणगाव, अमळनेर नि चोपड्याला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचं नाव घेतो कोण? प्रत्येकाने वडील आणि काका, सगळ्यांच्याच नावाच्या चौकटीत ‘आबा’ लिहून दिलं होतं, आणि नाव एक म्हणजे माणूस एक, असं धरून कॉम्प्युटरने संसार एकत्र केले.

खरी नावं शोधायला साडूंनी फोन लावले. वडिलांचं ज्याला त्याला येत होतं, पण काकांचं नाव कुणाला येत होतं? मग ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्या भावाला लोक फोन करून विचारू लागले. एकेक आबा सुटे झाले. राहिल्या फक्त अक्का. अकराही फाईलींत ‘अक्का’च, आणि नाव कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्याच हातचं खाऊन वाढलेल्या माणसांना! मला तर लाजच वाटली.

दिवाळीच्या चार दिवस आधी आम्ही दोघं धुळ्याला गेलो. साडूंनी नाव विचारलं. अक्का हसल्या. “आते त्या नावनं काय काम शे, भो?”

“कॉम्प्युटरला लागतं, अक्का.”

त्यांनी आधी सासरचं नाव सांगितलं, मग ते नको अशी मान हलवून माहेरचं. “द्वारका.”

साडूंनी बरोबर आणलेल्या टॅबवर ते भरलं आणि तो त्यांच्या हातात दिला. अक्कांनी तो नाकाशी धरला. एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत त्या खालपर्यंत गेल्या, अकराही घरं, एकही न गाळता. मग परत वर आल्या. “काय लिखेल शे?”

“द्वारका,” साडूंनी वाचलं.

“परत म्हन ना, भो.”

साडूंनी चारदा म्हटलं. चौथ्यांदा ते म्हणाले तेव्हा मी उगाच खिडकीकडे बघत बसलो.

दिवाळी गेली. अक्कांना आता दिसत नाही. साडू रोज सकाळी धुळ्याला फोन लावून ते पान वाचून दाखवतात, द्वारकापासून सुरुवात करून अकराव्या घरापर्यंत. परवा मी शेजारीच बसलो होतो. वाचून झालं, त्यांनी फोन ठेवला, पण ‘बंद’ म्हणाले नाहीत. मी का म्हणून विचारलं, तर नेहमीसारखे समजावून सांगायला काही लागले नाहीत. म्हणून असेल, पण ती एक गोष्ट मला लगेच समजली.