सुगंधाकाकीची ठासणीची बंदूक

कणकवलीपासून दहा-बारा किलोमीटर आत गेलं की आमची वाडी लागते. तिथल्या सुगंधा घाडीला सगळे काकी म्हणतात. वय बावन्न. नवरा, दाजी, सहा वर्षांपूर्वी गेला आणि त्याच्या मागे भाताचे चार कुणगे म्हणजे खाचरं, काजूची बाग, एक जुनी ओम्नी गाडी आणि एक ठासणीची बंदूक राहिली. गाडी ती भावाकडून शिकली. बंदुकीचं मात्र सोपं नव्हतं. शेतीसंरक्षणाचा परवाना दाजीच्या नावावर होता. तो आपल्या नावावर करून घ्यायला काकीने दोन वर्षं ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, खेटे घातले. "बाईमाणसाला बंदूक कशाला?" असं एका कारकुनाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "डुकरं बाईमाणसाचं भात सोडून देत नाहीत, साहेब."

परवाना हातात आला त्या दिवशी तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा. दाजीने त्या कधी वाचल्या नव्हत्या, वाडीतल्या इतर बंदूकवाल्यांनीही नाही. जत्रेत बंदूक न्यायची नाही, मिरवणुकीत न्यायची नाही, शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायची नाही. काकीला त्या पाठ होत्या आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. भात पिवळं होऊन उभं होतं, डुकरं रोज येत होती, म्हणून काकीने आज-उद्या करत दिवस ढकलले. एका सकाळी माकडांची टोळी माडांत शिरली. त्यांना हुसकवायला नुसता बार काढायचा म्हणून तिने बंदूक ठासायला घेतली. दारू भरली, चिंध्यांचा बोळा ठासला, घोडा पडताच ठिणगी देणारी केप बसवली, आणि तेवढ्यात फोन वाजला. पोलीस पाटील होता.

"काकी, आज शेवटचो दिवस. दुपारपर्यंत बंदूक जमा झाली नाय तर माझ्यावर येतला."

फोन होईपर्यंत माकडं निघून गेली होती. काकीने घाईघाईत लुगडं बदललं, परवाना पिशवीत टाकला, बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि ओम्नीच्या मागच्या सीटखाली सरकवली. ठासलेली बंदूक रिकामी करायची तर बार काढावा लागतो. तो वाटेत मळ्यात काढू, असं तिने ठरवलं.

पण मळ्याच्या वळणावर तन्वी उभी होती. शेजारच्या सारिकाची मुलगी, तिसरीतली. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, डोळ्यांत पाणी.

"काकी, यष्टी गेली. माका शाळेत सोडतंस?"

"चड गो," काकी म्हणाली. पोरीसमोर बार कसा काढायचा? शाळेच्या पुढे माळ होता. तिथे काढू, असा तिने विचार केला.

शाळेपाशी रस्ता अरुंद. समोरून खडीचा डंपर आला, म्हणून तिने गाडी फाटकातून आत घेतली. तन्वी उतरून पळाली. गाडी वळवणार तोच व्हरांड्यातून मुख्याध्यापिका नम्रता मॅडमनी हाक मारली. काकी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होती आणि शाळेत मतदान केंद्र होतं.

"काकी, बरं झालं आलात. रॅम्पच्या दुरुस्तीच्या कागदावर तुमची सही राहिलीय. दोनच मिनिटं!"

दोन मिनिटं म्हणून काकी आत गेली. सही झाली. मॅडम कागद लावता लावता सहज बोलल्या, "आता निवडणुकीची धावपळ. तुमची ती बंदूक जमा केलीत का? करायला सांगितलंय ना सगळ्यांना?"

काकीच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

शाळेचं आवार. ती आवारात होती आणि बंदूक गाडीत होती. ओम्नीच्या सरकत्या दाराचं कुलूप पावसाळ्यातच मोडलं होतं. बंदूक ठासलेली होती. छर्रे नसले तरी जवळून नुसता बोळाही पोराचा जीव घेऊ शकतो. आणि केप? केप काढली होती का? तिने आठवून पाहिलं. फोन, माकडं, लुगडं, गोणपाट. केप काढल्याचं तिला काही केल्या आठवेना.

"काकी, काय झालं?"

काकी उठली. मैदानात पोरं लपंडाव खेळत होती. राज्य तन्वीच्या वर्गातल्या अपेक्षावर होतं. ती भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत होती. पळत जावं असं काकीला वाटलं, पण आपण पळालो की पोरंही मागे पळत येतील हे तिच्या ध्यानात आलं. ती भरभर चालत गेली.

दार चार बोटं उघडं होतं. तिने ते सावकाश सरकवलं. सीटखालचं गोणपाट विस्कटलं होतं, आणि त्याच्यात तन्वी अंग चोरून आडवी पडली होती.

"काकी, मी लपलंय," ती कुजबुजली. "अपेक्षाक सांगू नको."

गोणपाटाच्या फटीतून बंदुकीची नळी बाहेर आली होती. तिचं तोंड दुसऱ्या बाजूच्या दारातून सरळ व्हरांड्याकडे होतं. ते दारही तन्वीने आत शिरताना उघडं टाकलं होतं.

"तन्वी बाय," काकी म्हणाली. आपला आवाज एवढा शांत कसा निघाला हे तिला नंतरही कळलं नाही. "हलू नको हां. आसस तशीच रव."

तिने गोणपाट बाजूला केलं. केप जागेवर होती, तांब्याची, चकचकीत. आणि तन्वीच्या बाटलीचा पट्टा बंदुकीच्या घोड्यामागे अडकला होता. पट्टा ताणला गेला की घोडा मागे येणार आणि सुटला की थेट केपवर पडणार. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली.

"घंटा झाली!" तन्वी उठू लागली. पट्टा ताणला. घोडा बोटभर मागे आला.

"उठू नको!"

पोर दचकून पुन्हा पडली, पण पट्टा तिच्या दंडाखाली दाबला गेल्याने घोडा तसाच मागे ताणलेला राहिला. व्हरांड्यासमोर मुलं ओळी करायला धावत होती. अपेक्षा मात्र गाडीकडे आली. तिला ओम्नीत काहीतरी हलताना दिसलं होतं.

"तन्वी सापडली!" ती ओरडली आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारायला हात उचलला.

"मॅडम!" काकीने वळून न पाहता हाक मारली. "तिला धरा. आणि ओळी मागे घ्या. सगळ्यांना शाळेच्या मागे न्या!"

नम्रता मॅडम काकीच्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी अपेक्षाचा हात धरला, एकदा गाडीत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण त्या काही विचारत बसल्या नाहीत. व्हरांड्याकडे जात त्यांनी शिट्टी फुंकली. "आज प्रार्थना मागच्या अंगणात! चला, पळा!"

काकी गुडघ्यावर बसली. पट्टा कापायला हाताशी काही नव्हतं. पोरीने पट्ट्याचा गुंता दंडाखाली दाबला होता. तो सोडवायचा तर पोरीला हलावं लागणार आणि ती हलली की घोडा सुटणार. काकीने उजव्या हाताचा अंगठा घोड्याच्या आणि केपच्या मध्ये घातला.

"आता हळूच माझ्याकडे सरक. भियां नको."

तन्वी सरकली. पट्टा ताणला, घोडा मागे गेला, पट्टा निसटला. घोडा काकीच्या नखावर आदळला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तिने तोंडातून आवाज काढला नाही. डाव्या हाताने तिने तन्वीला बाहेर ओढलं, घोडा उचलला आणि नखाने केप उपटून काढली. मग ती गाडीच्या पायरीवर बसली. अंगठ्यातून रक्त लुगड्यावर टपकत होतं.

मुलांना मागे पोचवून मॅडम परत आल्या.

"काकी, जा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "कुणाला काही झालं नाही. मुलांना काही कळलेलंही नाही. माझ्या तोंडून हे बाहेर जाणार नाही."

काकीने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मॅडमना कळलं नाही.

पुढच्या माळावर तिने केप बसवून आभाळाकडे बार काढला आणि तिथून पोलीस ठाणं गाठलं. बंदुका घेणारा हवालदार कौस्तुभ ओळखीतला होता. त्याने नळी तपासली, नंबर लिहिला आणि पावती फाडायला घेतली.

"थांब," काकी म्हणाली. "अजून लिहायचं आहे." आणि तिने सगळं सांगितलं.

कौस्तुभने पेन खाली ठेवलं. "काकी, विचार करून बोला. एकदा कागदावर आलं की पुसता येत नाही. परवाना जाईल तुमचा. कोणी तक्रार केलीय का?"

"कोणी केली नाय. लिव तू."

त्याने लिहिलं. लिहिताना तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा काकीने पुढचं वाक्य सांगितलं.

संध्याकाळी ती सारिकाच्या दारात उभी राहिली. सारिका तांदूळ निवडत होती. काकीने तिलाही सांगितलं, काहीही न लपवता. सारिकाच्या हातातलं सूप कलंडलं.

"माझा चेडू व्हता थंय," ती म्हणाली. "माझा चेडू, काकी!"

"व्हय."

"जावा तुमी. आता जावा."

पंधरा दिवस सारिका तिच्याशी बोलली नाही. वाडीतले बंदूकवालेही चिडले होते. गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं, आता आमच्याही गाड्या तपासतील, असं म्हणत. डुकरांनी एका रात्रीत एक अख्खा कुणगा लोळवला. काकीने उरलेलं भात एकटीने कापलं.

जानेवारीत तिला सुनावणीला बोलावलं. अधिकाऱ्याने कागद वाचले, तिच्या काळ्या पडलेल्या नखाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला अट माहीत होती?"

"पाठ होती, साहेब."

"मग स्वतःहून का सांगितलंत? कुणालाच कळलं नसतं."

"पाठ असूनही विसरले ना. गप्प बसले असते, तर परत विसरले असते."

परवाना एका वर्षासाठी निलंबित झाला. बंदूक ठाण्यातच राहिली. काकीने निकालाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि यष्टीने घरी आली.

पुढच्या भादव्यात भात पोटरीला आलं, तेव्हा तिने शेताभोवती काठ्या रोवून जुन्या लुगड्यांचं कुंपण बांधायला घेतलं. वाऱ्याने कापड फडफडलं की डुकरं बिचकतात. लुगडी पुरत नव्हती. उन्हं कलताना बांधावरून सारिका आली. काखेत गुंडाळलेल्या तीन साड्या होत्या.

"ही हिरवी धर," ती म्हणाली, "खालच्या बाजूक बांधूया. डुकरं थंयसूनच येतत."

काकीने साडीचं एक टोक धरलं.