दिराला बाहेर पाठवणाऱ्या अक्का

अक्का प्रशिक्षणाला आल्या की कुणालाच स्वस्थ बसू देत नसत. चहाचा कप हातात आला, की म्हणायच्या, "उठा, जागा बदला." भवानी पेठेतल्या विणकर घरातल्या, घरी तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, आमच्याशी मराठी. मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स म्हणून उभा जन्म काढलेला. शहराच्या कडेला काही अफगाण कुटुंबं राहायला आली, तेव्हा त्यांच्याशी कसं बोलायचं हे आम्हा समुपदेशकांना शिकवायला अक्कांना बोलावलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला आपापलं दुखणं सांगायला लावलं, तेही सहकाऱ्यामार्फत. मी हळू सांगायचं, शेजारच्यानं अक्कांना मोठ्यानं कळवायचं. त्या वर्षी मला झोप लागत नव्हती. मी म्हणाले, "सगळं बरं आहे." बाकी अकरा जणांचंही सगळं बरंच निघालं. अक्का हसल्या. "लई सुखी हाय की तुमचं ऑफिस."

एवढं होऊनही मी माती खाल्लीच. पंधरवड्यानं एका घरी गेले. बाई तिशीची, नवरा तिकडेच मारला गेलेला. दिराला हिंदी छान येत होती, म्हणून त्यालाच दुभाषी केलं. झोप चांगली, भूक चांगली, मनात वाईट विचार नाहीत. दहा मिनिटांत फॉर्म भरला आणि मी खूश.

अक्कांनी तो उभ्याउभ्या वाचला. "दीर हुता का शेजारी?"

"हो, सभ्य माणूस आहे."

"असू दे की. ही त्याच्या घरात ऱ्हाती. त्याच्या तोंडानं 'मला जगायचं न्हाय' म्हणंल व्हय?"

दुपारीच परत गेलो. अक्कांनी दिराला सामानाची यादी देऊन बाजारात पिटाळलं आणि दखनीत बोलू लागल्या. बाईला तुटकी उर्दू येत होती. मी विचारलंच नव्हतं. मग तिनं सांगून टाकलं. तिचं मरायचं ठरलं होतं. लेक कुणाकडे ठेवायची, एवढंच ठरत नव्हतं.

संध्याकाळी अक्का तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ती आज आहे, शिवणकाम करते.

परतताना रिक्षात मला रडू आवरेना. अक्का रागावतील असं वाटलं होतं. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मीबी एकदा पेशंटच्या सासूला मधी बसवलं हुतं. माझी बाई वाचली न्हाय."

अक्का गेल्या वर्षी गेल्या. आता प्रशिक्षण मी घेते. अक्कांच्या न वाचलेल्या त्या बाईचं नाव विचारायचं तेव्हा राहून गेलं.