कोर्टासमोरच्या शिंप्याने शिवलेला झगा

बी. ए. झाले त्या वर्षी मी एस. टी.त बसून एका अनोळखी बाईला कायद्याचा सल्ला दिला. माझा विषय मराठी. कायद्याचं ज्ञान एवढंच की नाशिकचं कोर्ट कुठे आहे ते माहीत होतं, आणि तेही त्याच्यासमोर माझा शिंपी बसायचा म्हणून.

त्या शिंप्यापासूनच सांगायला हवं. पदवीदान समारंभाला काळा झगा लागतो. बाकीच्या मुलींनी शहाण्यासारखे भाड्याने घेतले. मला दुसऱ्याच्या घामाचा झगा कमीपणाचा वाटला. मी मावशीकडे राहून शिकत होते. तिच्या मागे लागून स्वतःचा शिवून घेतला. शिंपी उभ्या आयुष्यात वकिलांचेच झगे शिवत आलेला. त्याने काही न विचारता गळ्याला दोन पांढऱ्या पट्ट्याही जोडून दिल्या. मला वाटलं, नवीन फॅशन असेल.

समारंभ पुण्याला झाला. दोघीतिघींनी त्या पट्ट्यांकडे वळून वळून पाहिलं, ते मी कौतुकात जमा केलं. पण माझी खरी हौस पुण्याची नव्हतीच. मला माझ्या गावी, नांदगावच्या स्टँडवर, झग्यात उतरायचं होतं. नाशिकहून निघताना मी तो साडीवर चढवला. मावशी म्हणाली, अगं, उतरायच्या आधी घाल, ऊन किती आहे. पण तेवढं कळत असतं तर हे लिहायची वेळ कशाला आली असती?

शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती, मांडीवर तान्ही मुलगी. कंडक्टर आला तसा मी "विद्यार्थी पास" असं मोठ्याने म्हणत सवलतीचा पास ऐटीत पुढे केला. महिनाअखेरपर्यंत तो चालणार होता. त्याने पासाकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, आणि पुढे सरकला. येवला मागे पडेपर्यंत बाई चोरून माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "वकीलबाई, एक इचारू का?"

इथे मी 'मी वकील नाही' एवढे तीन शब्द बोलले असते तर पुढची पन्नास वर्षं सुखाची झोप लागली असती. पण 'वकीलबाई' हा शब्द कानाला इतका गोड लागला की मी पट्ट्या नीट केल्या आणि म्हटलं, विचारा.

तिचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. दीर दुसऱ्या दिवशी तिला तलाठ्याकडे नेणार होते, एका कागदावर अंगठा द्यायला. कागद कसला, तिला ठाऊक नव्हतं. आता नाटका-कादंबऱ्यांत मी इतके दुष्ट दीर वाचले होते की मला पुढे काही विचारावंसंच वाटलं नाही. मी बोट वर करून म्हणाले, "अंगठा कशावरही द्यायचा नाही. वकिलाने सांगितलंय म्हणा. आधी सही करायला शिका, कागद स्वतः वाचा, मगच काय ते." ती मान हलवत राहिली. मी नांदगावला उतरले. स्टँडवर मला पाहायला एक रिकामा टांगा होता.

पुढच्याच वर्षी लग्न होऊन नाशिकला आले. हा पराक्रम नवऱ्याला सांगितला तेव्हा वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, तो कागद तिचं नाव जमिनीला लावायचा असला तर?" हा विचार मला शिवलाच नव्हता. त्यानंतर ते मला घरात 'वकीलसाहेब' म्हणू लागले. वकीलसाहेब, चहा टाका. वकीलसाहेब, कुकरची शिट्टी झाली. मीही हसत असे. पण रस्त्यात मूल कडेवर घेतलेली पांढऱ्या कपाळाची बाई दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. माझ्या झग्यापायी तिची जमीन गेली, असंच मी मनात धरून बसले होते. तो झगा कापून मी पुढे छत्रीला पिशवी शिवली, तरी तो काही अंगावरून उतरला नाही.

मागच्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका सभागृहात आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. प्रत्येकाने उठून सांगायचं, पदवीनंतर काय केलं. एकाने धरणं बांधली होती. एकीची कवितांची पुस्तकं होती, आणि तिने ती पिशवीतून आणलीही होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले, गुडघे दुखतात. टाळ्या पडल्या त्या गुडघ्यांनाच.

मग पन्नाशीची एक बाई उठली. येवल्याला पैठणीचे नमुने काढते. हातमागावर बसणाऱ्यांसाठी ती आधी चौकटीच्या कागदावर चित्र भरते. तिच्या पदरावर मोर नव्हता, कांद्याचे डेंगळे होते. गोल पांढरी फुलं, हिरव्या दांड्यांवर उभी. त्या पदराला मोठं बक्षीस मिळालं होतं. ती म्हणाली, हे सगळं एस. टी.त भेटलेल्या एका वकीलबाईमुळे झालं. आई मला मांडीवर घेऊन नांदगावच्या बाजूला निघाली होती.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती सांगत गेली. आईने तलाठ्यासमोर अंगठा द्यायला साफ नकार दिला. कागद नेमका आईचंच नाव सातबाऱ्यावर चढवायचा होता. इथे मला दारच दिसेना, नाहीतर उठून गेले असते. पण दीर भले निघाले. हसून म्हणाले, बरं वहिनी, सही शिकलीस की सांग. आणि कागद परत घेऊन गेले. आई गावच्या मास्तरांकडून अक्षरं शिकली. सही यायला दोन पावसाळे गेले, मग नाव लागलं. जमीन कुठे पळाली नव्हती. पण आई सहीवर थांबली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचू लागली. पोरीला शाळेत घातलं, कॉलेजात घातलं.

माझ्या छातीत इतकी वर्षं बसलेलं काहीतरी उठून चालायला लागलं. शेजारच्या गृहस्थांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना वाटलं, मला चक्कर येतेय. मी हसत होते.

जेवणाच्या रांगेत मी तिला गाठलं. हातात ताट, ताटात मठ्ठा सांडलेला, आणि मी कबुली देतेय: शिंपी, पट्ट्या, नांदगाव, सगळं. वकील नव्हते, हे सगळ्यात शेवटी सांगितलं. मग ताट खाली ठेवून तिने आईला फोन लावला. आई आता गावी डेंगळ्यांच्या शेतात खुर्ची टाकून बसते, असं म्हणाली. माझी सगळी हकीकत तिने फोनवर सांगितली आणि आवाज मोठा करून फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बाई, माझं चुकलं, मी तेव्हा वकील नव्हते.

पलीकडून आधी खोकला आला, मग हसू, आणि मग ती म्हणाली, "अवो बाई, ते मला तवाच कळलं व्हतं. वकील कुठं इद्यार्थ्याच्या पासावर येस्टीत बसतो का? पन तसला झगा घातलेली शिकलेली बाई मी पयल्यांदाच पायली व्हती. म्हनलं, माझ्या पोरीलाबी असलाच शिवायचा."